आयकार्डावर आर्किटेक्ट, हातात रनबुक

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक पत्र आलं, चांगलं चार पानी. त्यातलं कामापुरतं इथे देते. पोराचं नाव, कंपनीचं नाव काढून टाकलंय, नागपूर तेवढं ठेवलंय.

"ताई, माझं वय २९. मिहानकडच्या एका सर्व्हिस कंपनीत सहा वर्षं झाली. मागच्या अप्रेझलला हाइक नावापुरती दिली पण पद मोठं दिलं, सीनियर क्लाउड आर्किटेक्ट. काम विचाराल तर असं, की स्क्रीनवर लाल दिवा आला की रनबुक उघडायचं, त्यात लिहिलंय तसं करायचं, सर्व्हर रिस्टार्ट मारायचा, तिकीट बंद करायचं, नाहीच जमलं तर एल-थ्रीकडे, म्हणजे वरच्या जाणकार टीमकडे, ढकलायचं. सहा वर्षांत मी एक सिस्टीम स्वतःच्या डोक्याने उभी केली नाही. टीममध्ये कॉन्ट्रॅक्टवरची एक मुलगी आहे, पद प्रोसेस असोसिएट. तिने रात्रीच्या बॅच जॉबची स्क्रिप्ट नव्याने लिहिली, तीन तासांचं काम आता चाळीस मिनिटांत होते. क्लायंटच्या कॉलवर ते मी सांगितलं, कारण आर्किटेक्ट मी. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीने इंटरव्ह्यूत विचारलं, कंटेनर (ॲप ज्यात चालते तो डबा) पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होतोय, एक्झिट कोड १३७ येतोय, काय बघशील? मी म्हटलं, एल-थ्रीला तिकीट टाकीन. समोरचा हसला पण नाही, तेच जास्त लागलं. आता आयटी पार्कातल्या एका लहान प्रॉडक्ट कंपनीची ऑफर आहे. ते स्पष्ट बोलले, बेसिक्स कच्चे आहेत पण सहा वर्षं प्रॉडक्शन (म्हणजे खरी चालू सिस्टीम) पाहिलंय, इंजिनिअर टू म्हणून घेतो. पगार जवळपास आहे तेवढाच. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. डिसेंबरात माझं लग्न आहे, बायोडाटात आर्किटेक्ट लिहिलंय. होणारे सासरे सगळीकडे सांगतात जावई आर्किटेक्ट, आणि त्यांच्या भावाने तर बेसाच्या प्लॉटचा नकाशा काढून मागितलाय. दोन पायऱ्या खाली उतरू का? लोक काय म्हणतील?"

अरे बाप्पा. नकाशाचं वाचून मी एकटीच हसत बसले, घरच्यांनी विचारलं काय झालं म्हणून. पण काकांची चूक नाही बरं का. आपल्या देशात आर्किटेक्ट हा शब्द खरोखरच कायद्याने राखून ठेवलाय, १९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट आहे, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरमध्ये नोंदणी असल्याशिवाय नावापुढे तसं लावता येत नाही. म्हणजे काकांच्या डोक्यात त्या शब्दाला जेवढं वजन आहे तेवढं त्याला खरंच आहे, फक्त आपल्या सॉफ्टवेअरच्या गल्लीत नाही. इथे कोणती नोंदणी न् कोणतं काउन्सिल, एचआरने ड्रॉपडाउनमधून एक ओळ निवडली की सोमवारी सकाळी तू आर्किटेक्ट.

सावजीसारखं आहे ते. हलबा कोष्टी लोकांच्या घरातलं जेवण, पण आता नागपूरबाहेर कुठल्याही हायवेवर गाडी थांबव, बोर्डावर सावजी लिहिलेलंच असते. बोर्ड रंगवायला कोणाची परवानगी लागत नाही ना. आत बसून रस्सा तोंडात घातल्यावर कळते की मसाला कोणी वाटलाय का नुसतं तिखट न् तेल ओतलंय.

तू म्हणशील हे सगळं मला माहीतच आहे, पण मग मलाच काऊन दिलं हे पद? तेही सांगते, कारण मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे. सर्व्हिस कंपनीत तुझं पद तुझ्यासाठी नसतेच मुळी, ते असते क्लायंटच्या रेट कार्डासाठी. करारात लिहिलेलं असते की टीममध्ये इतके ज्युनिअर, इतके सीनियर आणि एक आर्किटेक्ट, आणि प्रत्येकाचा ताशी दर वेगळा. समज ज्युनिअरचे तासाला २० डॉलर आणि आर्किटेक्टचे ४० मिळत असतील, तर ती आर्किटेक्टची खुर्ची रिकामी ठेवणं कंपनीला परवडते का? बाहेरून खरा आर्किटेक्ट आणायचा तर तो पगार मागते दुप्पट. मग मॅनेजर एक्सेल उघडते, कोण जुना आहे, कोण सोडून जाईल असं वाटते, कोणाला यंदा हाइक द्यायला बजेट उरलं नाही, आणि तिघांचं उत्तर एकाच नावावर आलं की त्या नावापुढे आर्किटेक्ट. मी स्वतः बनवल्यात असल्या एक्सेल, दोन वर्षं. फार अभिमानाने सांगत नाहीये.

आणि मी त्या एक्सेलमधली ओळ पण होते एकेकाळी. २००६ मध्ये पुण्यात, तीन वर्षांचा अनुभव, पहिल्यांदा क्लायंटच्या कॉलवर बसले तर पलीकडचा म्हणतो, तुमच्या पाच वर्षांच्या अनुभवात तुम्ही हे कसं सोडवलं असतं? पाच? माझा रेझ्युमे कंपनीने परस्पर फुगवून पाठवला होता, मला कोणी विचारलं पण नाही. मी काहीतरी बोलले, काय बोलले ते आज आठवत नाही, पण हेडफोन काढताना हात थरथरत होते ते आठवते. म्हणून तुझी ती "समोरचा हसला पण नाही" वाली ओळ मला चांगली कळली. पोटात खड्डा पडते.

एकट्या नागपुराचं किंवा एकट्या भारताचं दुखणं नाही हे. डेवऑप्स घे. २००९ मध्ये बेल्जियममधल्या गेंटला पॅट्रिक डेबॉयने डेवऑप्सडेज नावाची परिषद भरवली, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की कोड लिहिणारे आणि सर्व्हर सांभाळणारे यांनी भिंतीच्या दोन बाजूंनी भांडत बसण्यापेक्षा मिळून काम करावं. कामाची पद्धत होती ती. पुढे काय झालं, ती पद्धत उचलून एका माणसाच्या आयकार्डावर छापली, आणि बहुतेक ठिकाणी तो माणूस पुन्हा भिंतीच्या एकाच बाजूला एकटा बसलेला. डेटा सायंटिस्टचं तेच, २००८ च्या सुमारास दोघा-तिघांनी आपल्या टीमसाठी जुळवलेलं नाव, आज एक्सेलमध्ये पिव्होट टेबल काढणारा पण तोच. आणि जाहिराती लिहिणाऱ्यांची तर बातच सोड, २०२० मध्ये एका कंपनीला फास्टएपीआय या पायथनमधल्या साधनाचा चार वर्षांचा अनुभव असलेला माणूस पाहिजे होता, आणि ज्याने फास्टएपीआय बनवलं तो सेबास्टियन रामिरेझ स्वतः म्हणाला की मी अर्ज करू शकत नाही, मला ते बनवूनच दीड वर्ष झालंय.

तर तुला फसवेपणाचं जे वाटून राहिलंय ना, त्यातलं बरंचसं ओझं तुझं नाहीच, पद तू मागितलं नव्हतं. पण एक गोष्ट तुझी आहे आणि ती तू पत्रात अशी मधेच एका ओळीत उरकून टाकलीस, म्हणून मी तिथे थांबणार आहे.

त्या मुलीची स्क्रिप्ट.

"कारण आर्किटेक्ट मी." हे लिहिताना तुला टोचलं असणार, नाहीतर तू लिहिलंच नसतं. पद मोठं मिळणं ही तुझी चूक नाही, पण त्या पदाच्या जोरावर दुसरीचं काम आपल्या तोंडाने सांगणं ही आहे, आणि यात कंपनी-बिंपनी काही आणू नको मधे. तिचं पद प्रोसेस असोसिएट, वरून कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे रिन्युअलच्या वेळी तिच्या नावापुढे काय लिहिलंय तेवढंच बघणार लोक, आणि तिथे तू तुझं नाव लावून बसलास. तुझी आणि तिची गोष्ट एकच आहे खरं तर, फक्त तुझ्या डब्यावर लेबल मोठं न् आत कमी आणि तिच्या डब्याचं उलटं. तर राजीनामा टाकायच्या आधी एक मेल लिही, क्लायंटला आणि मॅनेजरला दोघांना, की रात्रीच्या जॉबचा वेळ कमी करणारी स्क्रिप्ट अमुक हिने लिहिली आणि पुढच्या कॉलवर ती स्वतः समजावून सांगेल. कारणं देत बसू नको, माफीचा निबंध नको. दोन ओळी. मग तिच्याजवळ खुर्ची ओढून बस आणि विचार, बाई हे तू कसं शोधलंस, आधी काय बघितलंस. लाज वाटेल, वाटू दे. पन्नास हजारांच्या कोर्सपेक्षा ते अर्ध्या तासाचं बसणं जास्त कामाचं.

कोर्सवरून आठवलं, पत्राच्या तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस की ॲमेझॉनच्या क्लाउडचं सॉल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट सर्टिफिकेट आहेच, आता प्रोफेशनलचं करू का. नको करू सध्या. परीक्षा वाईट आहे असं नाही, पण असोसिएटला ६५ प्रश्न, १३० मिनिटं, पर्यायातून उत्तर निवडायचं, आणि प्रोफेशनलचा घाट मोठा असला तरी पर्याय निवडणं सुटत नाही. आणि गंमत बघ, त्या परीक्षेच्या नावातच आर्किटेक्ट आहे, म्हणजे एक बोर्ड कमी होता म्हणून वर दुसरा. करायचंच असेल तर वर्षभराने सीकेए कर, म्हणजे क्युबरनेटिस या कंटेनर सांभाळणाऱ्या सिस्टीमची परीक्षा, त्यात दोन तास टर्मिनलसमोर बसवतात आणि बिघडलेलं क्लस्टर (सर्व्हरांचा गट) हाताने नीट करायला लावतात. तिथे पर्याय क्रमांक तीन नसतो.

आता तुझा १३७. हे मी जरा सविस्तर सांगते कारण सहा वर्षांत तू हा आकडा निदान शंभर वेळा पाहिला असशील आणि शंभर वेळा रिस्टार्ट मारला असशील. लिनक्समध्ये प्रोसेस सिग्नलने मेली की कोड येतो १२८ अधिक सिग्नलचा नंबर. १३७ मधून १२८ गेले, उरले ९, आणि ९ म्हणजे सिगकिल, म्हणजे प्रोसेस स्वतःहून नाही गेली, बाहेरून कोणीतरी मारली. मग पहिला प्रश्न, कोणी मारली? बहुतेक वेळा मेमरीची ठरवलेली मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ते असेल तर पॉडचं (कंटेनर ज्यात ठेवतात त्याचं) डिस्क्राइब काढलं की लास्ट स्टेटमध्ये ओओएमकिल्ड, म्हणजे मेमरी संपली म्हणून मारलं, असं स्वच्छ लिहिलेलं दिसते. पण तसं लिहिलेलं नसेल तर? मग इव्हेंट्स बघ, लाइव्हनेस प्रोब, म्हणजे ॲप जिवंत आहे का ही तपासणी, फेल होत असेल, तेव्हा क्युबरनेटिस आधी शांतपणे सांगते बंद हो, साधारण ३० सेकंद थांबते, आणि ॲप नाहीच ऐकलं तर मग ९ मारते, कोड तोच १३७. पहिल्या केसमध्ये मेमरी गळतेय का लिमिटच कमी ठेवलंय ते शोधायचं, दुसऱ्या केसमध्ये मेमरी वाढवून ढेकळं काही होणार नाही. एवढंच विचारत होता तो पुण्यातला. पूर्ण उत्तर नसतं आलं तरी "आधी कोणी मारलं ते बघीन" एवढं बोलला असतास तर गाडी पुढे सरकली असती.

आणि हे तुला शिकायला नवीन काही विकत घ्यायचं नाहीये. तुझ्याकडे सहा वर्षांची बंद केलेली तिकिटं आहेत! रोज एक उघड, ऑफिसातच, कंपनीचा डेटा घरी आणायचा नाही, आणि स्वतःला विचार की रनबुकातली तिसरी पायरी तिथे का आहे. ती पायरी कोणीतरी कधीतरी रात्री दोन वाजता डोकं फोडून शोधलेली असते. ते कारण सापडलं की घरी लॅपटॉपवर मिनिक्युब, म्हणजे छोटं क्युबरनेटिस, टाकून तोच बिघाड मुद्दाम घडव. मेमरी लिमिट ५० एमबी ठेव, ॲपला जास्त खाऊ दे, मरू दे, बघ काय दिसते ते. महिन्याभरात असे पंधरा बिघाड स्वतः घडवून स्वतः निस्तरलेस तर तुझ्याच टीममधल्या निम्म्या लोकांच्या पुढे जाशील, तिथे कोणी हे करून राहिलं नाही म्हणून.

आता ऑफर. माझं मत विचारशील तर घे. खाली उतरणं वगैरे काही नाही त्यात, त्यांनी तुला तुझ्या मापाचा शर्ट दाखवलाय आणि तू इतकी वर्षं मोठ्या भावाचा घालून फिरून राहिला होतास. शिवाय जे लोक तोंडावर सांगतात की बेसिक्स कच्चे आहेत आणि तरी घेतात, असे लोक मिळत नाहीत रे सहज. पण डोळे मिटून घेऊ नको. विचार की तिकिटं किती आणि कोड किती. गुगलमध्ये एसआरई, म्हणजे सिस्टीम चालू ठेवणाऱ्या इंजिनिअरांच्या, टीमसाठी निम्म्यापेक्षा जास्त वेळ असल्या रोजच्या हमालीत जाऊ नये असं ठरवून ठेवलंय, लहान कंपनीला ते जमणार नाही, पण आठवड्यातून दीड-दोन दिवस तरी बनवण्याचं काम आहे का ते कळू दे. तुझा कोड कोण तपासणार, त्या माणसाशी पंधरा मिनिटं बोलायला मिळेल का, हे विचार. कोणीच तपासणार नसेल तर मात्र मी परत विचार करीन, कारण मग तू पुन्हा एकटाच रनबुक घेऊन बसशील, फक्त मिहानऐवजी आयटी पार्कात. पगारात फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती ते लेखी घे, "जवळपास तेवढाच" या शब्दात पुष्कळ काही लपते. इंजिनिअर टूच्या वर कोणत्या पायऱ्या आहेत आणि रिव्ह्यू कधी, तेही.

एक पैशाची गोष्ट जी कोणी सांगत नाही. तुझी सहा वर्षं झाली म्हणजे ग्रॅच्युइटी लागू आहे, पाच वर्षांची अट तू पार केलीस. हिशोब सोपा आहे, शेवटचं बेसिक आणि डीए, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं, आणि वर्षांनी गुणायचं. बेसिक ३०,००० धरलं तर सहा वर्षांचे एक लाख तीन हजार आठशेच्या वर होतात. लग्नाच्या तोंडावर कामाचे आहेत. अर्ज स्वतः कर, एचआर आठवण करून देईल या भरवशावर राहू नको. आणि पीएफ काढून घेऊ नको, यूएएन (पीएफचा नंबर) तोच राहते, ट्रान्सफर कर.

रेझ्युमेचं पण ऐक, कारण हे सगळं वाचून तुला एकदम हरिश्चंद्र व्हायची हुक्की येईल आणि तू जुन्या कंपनीपुढे सपोर्ट इंजिनिअर असं लिहून टाकशील. तसं करू नको. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले जुन्या एचआरला पद आणि तारखा विचारतात आणि कागदावर जे आहे तेच जुळलं पाहिजे, कमी करून लिहिलं तरी न जुळणं ते न जुळणंच. पद आहे तसं राहू दे, त्याच्या खाली खरं काम साध्या भाषेत लिही, किती सर्व्हर सांभाळले, कोणत्या शिफ्टला, कोणत्या प्रकारचे इन्सिडेंट. आणि पुढे कोणी विचारलंच की आर्किटेक्टवरून इंजिनिअर टू कसे काय, तर सांग की तिथे ते पद बिलिंगचं होतं, काम ऑपरेशन्सचं होतं, मला बनवायचं काम पाहिजे होतं म्हणून आलो. या धंद्यातल्या माणसाला एवढं बस होते, त्यांनी पण एक्सेल पाहिलेल्या असतात.

राहिलं लग्न. सासऱ्यांचं नंतर बघू, आधी जिच्याशी लग्न करतोयस तिला सांग, आणि फोनवर नको, फुटाळ्यावर भेटा नाहीतर माटे चौकाकडे काहीतरी खात खात, पण समोरासमोर. पगार तेवढाच आहे, कंपनी लहान आहे, पद छोटं होणार आहे आणि का होणार आहे, सगळं. हे डिसेंबरनंतर तिला दुसरीकडून कळलं तर मग पदाचा विषय राहणार नाही, लपवल्याचा होईल, आणि ते फार महागात पडते. ती काय म्हणेल मला माहीत नाही. पण बहुतेक पोट्ट्यांना वाटते तेवढं पोरींना पदाचं काही पडलेलं नसते, घरी किती वाजता येतोस आणि रात्री दोनला फोन वाजतो का हे त्या आधी विचारतात, आणि ते खरंच विचारण्यासारखं आहे, तेव्हा नवीन कंपनीचं ऑनकॉलचं वेळापत्रक तुझ्याजवळ असू दे. सासऱ्यांना तिच्याकडूनच जाऊ दे मग. काकांना मात्र तू स्वतः सांग की मी घरं बांधणारा नाही, कॉम्प्युटरवाला आहे, आणि प्लॉटचा नकाशा नोंदणी असलेल्या आर्किटेक्टकडूनच काढून घ्या, नाहीतर मंजुरीच्या वेळी अडकाल. ते दोन दिवस नाराज राहतील, तिसऱ्या दिवशी वायफाय नीट करून मागतील.

तारखांचं बघ आता. तुझ्या कंपनीचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा, म्हणजे पुढच्या आठवड्यात राजीनामा दिला तर सुटका बरोबर डिसेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे नवीन ठिकाणी पहिला आठवडा आणि हळद एकदमच. तेव्हा गुरुवारीच त्यांच्या एचआरला फोन कर, शुक्रवारची वाट बघू नको, जॉइनिंग लग्नानंतरच्या सोमवारी होईल का विचार, आणि हो म्हणाले तर ती तारीख फोनवर नको, ऑफर लेटरवर पाहिजे.